कोकरांचं अभ्यंगस्नान

मॅट्रिकच्या परीक्षेनं मला दोनदा नाकारलं, तेव्हा तिला तिसऱ्यांदा विचारायचं नाही असं मी ठरवून टाकलं. प्रश्न स्वाभिमानाचा होता. घरच्यांच्या मते तो गणिताचा होता, पण ते असो.

बारामतीला कालव्याच्या पाण्यावर आमची वांगी, मिरची आणि थोडा ऊस होता. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतात एक हात जास्त हवाच होता. पण इंग्रजी सातवीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, उंबऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसानं वांग्याच्या वाफ्यात पाण्याचं बारं धरावं, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हतं. अशा वेळी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. मुंबईच्या कुठल्याशा साबणाच्या कंपनीला गावोगाव एजंट हवे होते. होतकरू तरुण पाहिजेत, शिक्षणाची अट नाही, असं त्यात छापलं होतं. आपल्याला कुणीतरी इतकं नेमकं ओळखावं याचा मला फार आनंद झाला.

पंधरा दिवसांत दौंडाकडून येणाऱ्या छोट्या गाडीनं एक लाकडी खोकं आलं. आत लालभडक वड्या. कायदेभंगाची धामधूम नुकतीच ओसरली होती, त्यामुळे वेष्टनावर 'शुद्ध स्वदेशी' हे सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आणि 'जंतुनाशक' हे त्याखाली. जंतू स्वदेशी की विलायती, याचा खुलासा नव्हता. सोबत शंभरेक पत्रकं. पत्रकावर चष्मा लावलेल्या, गळ्यात नळी अडकवलेल्या एका डॉक्टराचं चित्र होतं. पुढं काही वर्षांनी तोच डॉक्टर मला केस वाढवण्याच्या तेलाच्या बाटलीवर भेटला. तिथं त्याला दाढी फुटली होती, म्हणजे तेल तरी खरं असावं.

पत्रकातलं वाक्य मला अजून पाठ आहे. "सदरहू साबणाने एक वेळ स्नान केले असता सात दिवसपर्यंत कोणताही रोगजंतु शरीरास स्पर्श करू धजत नाही." खाली रोगांची यादी : पटकी, प्लेग, देवी, विषमज्वर, खरूज, आणि शेवटी निरुत्साह.

तात्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "सात दिवस जंतू येत न्हाईत. आन् आठव्या दिवशी त्येंला सांगतं कोण, आता या म्हणून?"

मी म्हणालो, "तात्या, हे शास्त्र आहे."

"व्हय का? मग असू दे."

शास्त्र म्हटलं की तात्या बोलणं थांबवत. मला वाटे, ते हरले.

महिनाभरात बारामतीच्या पेठेत मी तीन वड्या खपवल्या. एक न्हाव्याला, एक मामाला आणि एक मामानं परत केलेली पुन्हा न्हाव्याला. लोक वडी हातात घेत, हुंगत आणि विचारत, "घरात आजारी कोण हाय?" गावात कदर नाही, म्हणून मग मी इंदापूरच्या बाजूला मोहीम काढायची ठरवली. सर्व्हिस मोटारीच्या टपावर खोकं, आत मी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मोटार धक्के देत होती आणि प्रत्येक धक्क्याला मला साबणाचा एकेक नवा गुण सुचत होता. एक गोष्ट इथं कबूल केली पाहिजे. पत्रकावरच्या थापा कंपनीच्या होत्या, पण तोंडच्या सगळ्या माझ्या होत्या. त्यांतली सर्वांत मोठी मला लासुर्ण्याच्या अलीकडे सुचली : हा साबण मुक्या जनावरांनाही चालतो.

ती सुचायला कारण होतं. दर साली दिवाळीनंतर एक धनगर कुटुंब आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायला येई. कळप चार रात्री रानात बसला की जमिनीला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना आमच्याकडून धान्य. आबा आणि त्यांची बायको यांना मी लहानपणापासून ओळखत होतो. तिला मी मावशी म्हणायचो. आदल्या साली त्यांच्या मेंढरांत देवीची साथ शिरली आणि निम्मा कळप गेला. यंदा त्यांचा तळ लासुर्ण्याच्या शिवारात होता, आणि उरलेल्या मेंढ्यांना नुकती पंचवीस कोकरं झाली होती. ही कोकरं जगली तर कळप पुन्हा उभा राहणार होता. नाही तर आबांनी घोंगडी झटकून दुसऱ्याच्या बांधावर राबायला जायचं, असं त्यांच्यात बोलून झालेलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तिथं उतरलो. गिऱ्हाईकाचं दुखणं माहीत असावं, असं कंपनीनं लिहिलंच होतं.

मी पोचलो तेव्हा आबा मेंढ्या घेऊन लांब चरायला गेले होते. कोकरांना आयांबरोबर नेत नाहीत. ती दिवसभर तळावर, जाळीच्या कुंपणात असतात. त्याला वाघर म्हणतात. मावशी वाघरीपाशी बसून लोकर निवडत होती.

"या सायब," ती म्हणाली. "मॅट्रिक झालं का?"

"मावशी, मी आता आरोग्याचं काम करतो."

"म्हंजे झालं न्हाई."

मी खोकं उघडलं, वडी तिच्या हातात दिली आणि जंतू म्हणजे काय ते सांगितलं. इतकी बारीक किडुकं की डोळ्यांना दिसत नाहीत. ती अंगावर बसतात, तिथून आत शिरतात, आणि मग देवी येते. तुमचा कळप त्यांनीच खाल्ला. साबणानं ती मरतात.

तिनं वडी नाकाशी नेली, मान मागं घेतली आणि विचारलं, "दिसत न्हाईत म्हणतोस. मग मेली त्ये कसं कळतं?"

हा प्रश्न पत्रकात नव्हता. मी डॉक्टराच्या चित्रावर बोट ठेवलं. "यांनी बघितलंय."

"आन् मेंढराला चालतं म्हणतोस?"

"मुंबईत श्रीमंतांची मेंढरं याच साबणानं आंघोळ करतात."

मुंबई मी तोवर पाहिलेली नव्हती. मावशीनंही नव्हती. त्यामुळं त्या वाक्याला कुठूनही धक्का लागला नाही.

"एकदा धुतलं की सात दिवस काळजी नको," मी शेवटचा डाव टाकला.

तिनं वाघरीतली कोकरं एकदा मोजली. गेल्या साली मेलेली मेंढरं पुरताना तिचा उजवा खांदा निखळला होता, तो ती अजून डाव्या हातानं दाबायची. मग उठली आणि तीन दगडांवर हंडा चढवला. "थंडीचं दिस हायत, ऊन पाण्यानं धू. आन् बाराच धू. बाकीची ऱ्हाऊ देत. शेंगा घेतानाबी आमी आदी एक फोडून बगतो."

मला थोडं लागलं. माझ्या शास्त्राची तिनं शेंग केली होती. आता कळतं, त्या चष्मेवाल्या डॉक्टरानं जन्मात केलं नसेल ते मावशीनं केलं. निम्मी धुतली, निम्मी तशीच ठेवली.

बारा कोकरांना मी घातलेलं ते अभ्यंगस्नान लासुर्ण्यात कुणी विसरलं नसेल. बाह्या सरसावून मी एकेकाला मांडीवर घेत होतो आणि त्यांच्या कानांत फेस जाऊ नये म्हणून आईच्या काळजीनं कान मुडपत होतो. पोटाखाली, शेपटाखाली, खुरांच्या बेचक्यांत मी एक जागा सोडली नाही. दोनदा साबण, तीनदा पाणी. मग घोंगडीनं पुसून उन्हात उभी केली. बाराच्या बारा पांढरी, फुललेली, लग्नातल्या करवल्यांसारखी दिसत होती. धुतलेली नव्हती ती तेरा त्यांच्या शेजारी ओशाळल्यासारखी वाटत होती. मावशीलासुद्धा हसू आलं. "दिसत्यात झ्याक," ती म्हणाली.

मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि आबांना चकित करायचं म्हणून थांबलो.

दिवस कलायला लागला तशी लांबून मेंढ्यांची हाक आली. ज्यानं धनगराचा तळ संध्याकाळी पाहिला नाही, त्याला हा प्रकार सांगून कळायचा नाही. आया तिकडून ओरडतात, कोकरं इकडून. वाघर उघडली की एकच झुंबड उडते. धुरळ्यात आपल्याला वाटतं, आता यातून कोण कुणाचं ते ब्रह्मदेवालाही लागायचं नाही. आणि दहा-वीस श्वासांत सगळा गलका थांबतो. प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली, शेपूट हलवत. आई फक्त एकदा मागं वळून त्याच्या शेपटीशी हुंगते आणि मग उभी राहते.

त्या संध्याकाळी गलका थांबला, पण निम्माच.

तेरा शेपट्या हलत होत्या. माझ्या बारा करवल्या आयांखाली शिरत होत्या, आया वळून हुंगत होत्या आणि हुंगल्याबरोबर बाजूला उडी मारत होत्या. कोकरू पुन्हा शिरायचं. मेंढी डोकं खाली घालून त्याला ढुशी द्यायची. ते लोळायचं, उठायचं, पुन्हा जायचं. आणि त्याच मेंढ्या, आपलं लेकरू पायांत असताना, मान वर करून त्याच लेकरासाठी ओरडत होत्या.

आबांनी काठी टेकली. एक कोकरू उचललं, हुंगलं आणि खाली ठेवलं.

"ह्येला कुणी धुतलं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "मीच धू म्हनलं."

इतक्या वर्षांनी सांगताना माझे कान गरम होतात. तेव्हा मी तिला अडवलं नाही. उलट म्हणालो, "आबा, होईल सवय. नवीन वास आहे. त्यांना अजून कळलं नाही की हे चांगल्यासाठी आहे."

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेंढी कागुद वाचत न्हाई, बाळा. ती वास वाचती. तू पुसून टाकला तिचा."

"मग आता?"

"आता काय. आट दिसांची प्वारं हायत. दूध न्हाई तर किती दिस जगत्यात, तूच सांग. तू आरोग्याचा हायस."

मावशीनं तेवढ्यात विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "सात दिस म्हनला व्हतास न्हवं? सात दिस वास ऱ्हातो का ह्येचा?"

तिच्या चेहऱ्याकडं बघून माझ्या लक्षात आलं की तिनं माझं बोलणं शब्दन् शब्द खरं मानलं होतं आणि आता त्याचाच हिशोब घालत होती. सात दिवस कुणी जवळ येणार नाही. सात दिवस कोकरं टिकणार नाहीत. पत्रक खोटं असावं म्हणून देवाला हात जोडणारा मी बहुधा कंपनीचा पहिलाच एजंट.

"मावशी, ते सात दिवस..." मी म्हणालो. "ते मला माहीत नाही."

"छापलंय न्हवं?"

"छापलंय. पण कुणी बघितलंय का, ते मला ठाऊक नाही. मेंढरांचं तर मीच माझ्या मनानं सांगितलं. कागदात तसं काही नाही."

"आन् मुंबईची मेंढरं?"

"मी मुंबई पाहिलेली नाही."

ती एकदाच "अगं बाई" म्हणाली. मला वाटलं, आता कुत्री सोडतील. आबा म्हणाले, "सदरा काढ."

मी मार खायच्या तयारीनं सदरा काढला. त्यांनी माझ्या अंगावर त्यांची घोंगडी टाकली आणि एका मेंढीचा मागचा पाय माझ्या हातात दिला. "धर. सोडू नको."

उपाय जुना होता. आई मेलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीखाली लावताना करतात तोच. मावशीनं त्या मेंढीचं दूध ओंजळीत पिळलं आणि तिच्या कोकराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटाखाली चोळलं. मग वाघरीतली माती, लेंड्या आणि मूत मिसळलेली, मूठ-मूठ घेऊन वरून घासली. दुपारी मी ज्या ज्या जागी साबण लावला होता त्या त्या जागा तिनं मला विचारून घेतल्या. "खुरात लावला व्हता?" लावला होता. "कानामागं?" तिथंही. मी इतका मन लावून काम केलं होतं की आता प्रत्येक उत्तराला माती आणावी लागत होती. पहिलं तिनं दाखवलं, मग बाकीच्या करवल्यांना मी माझ्या हातानं घाण केलं. ते काम धुण्यापेक्षा अवघड असतं, हे मी अनुभवानं सांगतो.

अंधार पडायच्या आत चार मेंढ्यांनी कोकरं घेतली. उरलेल्यांचे पाय धरून जबरदस्तीनं पाजलं, आणि दोन अगदी दुबळ्यांना मावशीनं शेळीचं दूध बोटानं चाटवलं.

सकाळी मोटारवाल्याबरोबर तात्यांना निरोप धाडला : 'कामाचा व्याप वाढला आहे, चार दिवस येत नाही.' निरोपात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी आणखी पाच मेंढ्या वळल्या. मेंढीचा पाय कसा धरायचा, तिनं झटका दिला की कुठं सरकायचं, ती लघवी करणार हे अर्धा क्षण आधी कसं ओळखायचं, असं बरंच उच्च शिक्षण त्या तळावर पदरात पडलं. तिथं एकदाही नापास झालो नाही, फक्त रोज भिजलो.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो. पुढं मी कंपनीला सगळी हकीकत प्रामाणिकपणे लिहून कळवली. साबणानं धुतल्यावर आईनंही लेकराला ओळखलं नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्यांचं आभाराचं पत्र आलं, आणि पुढच्या खेपेच्या पत्रकावर डॉक्टराखाली नवी ओळ होती : "इंदापूर तालुक्यातील अनुभव. जन्मदात्री मातासुद्धा ओळखणार नाही अशी स्वच्छता!" तो मजकूर माझा होता, हे मी नाकारू शकलो नाही. ती सगळी पत्रकं मी गुऱ्हाळाच्या चुलवणात घातली. चांगली जळली. कंपनीच्या मालाबद्दल तेवढं एक मी खात्रीनं सांगू शकतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मेंढीनं आपण होऊन कोकरू घेतलं, आणि त्याच सकाळी बारांतलं सगळ्यांत लहान होतं ते मेलं. रात्री मावशीच्या कुशीत होतं. मी वाघरीपाशी उभा राहिलो. साबणाची रिकामी वेष्टनं अजून तिथंच पडली होती, ती तेवढी मी उचलली. आबांनी कोकराला बांधाकडं नेलं. परत आल्यावर माझ्याजवळून जाताना म्हणाले, "त्ये जन्मताच अर्धं व्हतं. तसंबी जगलं नसतं."

आबांच्या त्या वाक्याला मी आजवर हात लावलेला नाही. ते खरं होतं, की एका पोराला घरी जाता यावं म्हणून बोललेलं होतं, हे मावशीला एका शब्दात विचारता आलं असतं. पुढं ती दर साली आमच्या रानात यायची. मी विचारलं नाही. जगातल्या सगळ्या दाव्यांची मी नंतर चौकशी करायला शिकलो, हा एक सोडून.

आता एकच उरलं होतं. फाटक्या कानाची एक जुनी मेंढी आणि तिचं कोकरू. ही बाई हट्टी. पाय धरला की पाजायची, पण मान पलीकडं करून. सावत्र आई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर भरवते तशी. पाय सोडला की ढुशी. मावशी रोज दूध चोळायची, मी रोज पाय धरायचो, आणि दुपारी मेंढ्या चरायला गेल्या की ते कोकरू माझ्या घोंगडीखाली येऊन बसायचं. त्याला काय वाटत होतं, कोण जाणे. बहुधा एवढंच की हा प्राणी ढुशी देत नाही.

चौथा दिवस तसाच गेला. पाचवाही. आबा म्हणाले, "तुजं रान वाट बगत आसंल."

"हे लागल्यावर जातो."

"आन् न्हाईच लागलं तर?"

"तर शेळीच्या दुधावर वाढवतो. घरी नेतो."

"वांग्यात सोडशील," मावशी म्हणाली. "तात्या दोगांनाबी हाकलतील."

सहाव्या दिवशी संध्याकाळी वाघर उघडली. मी सवयीनं पुढं झालो, फाटक्या कानाच्या मेंढीचा पाय पकडला आणि गुडघ्यावर बसलो. कोकरू खाली शिरलं. मेंढीनं मान वळवली. मी ढुशीसाठी अंग आवळलं. तिनं नाक त्याच्या शेपटीशी नेलं. काढलं. पुन्हा नेलं. मग घशातल्या घशात एक आवाज केला, गेले पाच दिवस ती मान वर करून रानाला ऐकवत होती तोच, पण आता खाली तोंड करून आणि अगदी हळू. कोकराची शेपटी हलायला लागली.

मी पाय सोडला नाही. श्वाससुद्धा सोडला नाही.

"सोड की तंगडी," मावशी म्हणाली.

"पळेल."

"न्हाई पळत. सोड."

मी बोटं उघडली. ती जागची हलली नाही. उलट मागं सरकून कोकराला नीट जागा करून दिली, आणि मी मध्ये होतो म्हणून मलाच एक ढुशी दिली. मी त्या मातीत मागच्या मागं बसलो. अंगात आबांची घोंगडी, डोक्यात लेंड्या, हातांना सहा दिवसांचं दूध आणि मूत वाळलेलं, आणि सदऱ्याची इस्त्री कुठल्या जन्मातली ते आठवत नव्हतं.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मावशीला म्हणाले, "कोकरांचं झालं. आता ह्येची आई ह्येला घरात घेती का, त्येवढं बगायचं."

"दूध चोळून धाडू," मावशी म्हणाली, आणि त्या सहा दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली.